चीनच्या राणीबद्दलचा खुलासा

व्याख्यानाचा विषय मी कोणाच्या सांगण्यावरून निवडला नव्हता, हे मी त्या आठवड्यात निदान दहा जणांना सांगितलं आणि त्यातल्या एकालाही ते पटलं नाही. कोणाच्याही सांगण्यावरून नसताना माणूस काही बोलतो, ही कल्पनाच तेव्हा मुरबाड तालुक्यात नवीन होती. आमच्या शहापुरात ती अजून पोचायची आहे.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी एका खाजगी संस्थेच्या माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक होते. शिक्षकाला सेवक म्हटलं की पगार कमी देताना मन खात नाही, हा शोध सरकारला त्याच सुमारास लागला होता. तीन वर्षं मान खाली घालून काढली की कायम करतात, असा नियम. मी रोज सकाळी शहापूरहून एसटीने किन्हवलीमार्गे सरळगाव गाठायची आणि तिथून जीपमध्ये चौदावं माणूस म्हणून बसून शाळेत पोचायची. शाळा माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे. शिकवायला इतिहास, आणि भूगोलाचे सर रजेवर असले की भूगोल. मी नोकरीला लागल्यापासून ते रजेवरच होते.

शिवाय मी घरून एम.ए. करत होते, इतिहासातच. त्यात एक पेपर प्राचीन चीनचा होता. तो का घेतला, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, तेवढाच शिल्लक होता. खरं कारण असं, की आपल्या इतिहासात प्रत्येक माणसाला आज कोणी ना कोणी वारस आहे आणि तो दुखावलेला आहे. चीनचे राजे मेले ते मेले. निदान माझा तसा समज होता.

आमच्या संस्थेचे संस्थापक माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी वारले. ते मूळचे ग्रामसेवक. नोकरी सोडून त्यांनी पत्र्याच्या दोन खोल्यांत शाळा काढली, तेव्हा त्यांची बायको सकाळी लोकांची भातलावणी करायची आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या पोरांना भाकऱ्या थापायची. पुढे अनुदान आलं, इमारत आली, आणि जिला गाव काकी म्हणायचं तिला आईसाहेब म्हणू लागलं. याच काळात संस्थापकांनी शहापूरला दुसरं घर केलं. तिथली बाई एका दवाखान्यात नर्स होती. तिला एक मुलगा, आईसाहेबांना एक. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच कधी बोललं नव्हतं. एखाद्या गोष्टीबद्दल तालुक्याने इतकी वर्षं एकमताने गप्प राहावं, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

शेवटच्या आजारपणात संस्थापक दोन-चार माणसांसमोर म्हणाले होते म्हणे, की संस्था धाकट्याने बघावी. धाकटा म्हणजे शहापूरचा. तो शिकलेला होता. थोरला शाळेतच क्लार्क होता आणि त्याचा जीव टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांत पंच म्हणून उभं राहण्यात अडकलेला होता. शाळेची पत्रं तो वेळेवर पाठवायचा नाही, पण वाइड बॉलच्या बाबतीत त्याच्यासारखा काटेकोर माणूस पंचक्रोशीत नव्हता. संस्थापक गेल्यावर आईसाहेब स्वतःच अध्यक्ष झाल्या. त्यांचे दोन भाऊ आधीपासून कमिटीवर होते, त्यातला एक सचिव. भावांची मुलं शिपाई, ड्रायव्हर, प्रयोगशाळा सहायक. आमच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पण सहायक उत्तम होता.

संस्थापकांच्या पहिल्या पुण्यतिथीला कल्याणहून एक वक्ते येणार होते. ते सकाळी कळवून मोकळे झाले की जमत नाही. हेडमास्तर धावत माझ्याकडे आले.

"बाई, तुमी बोला. अर्धा तास. तुमचं एमे चाललंय ना, त्यातलंच काय तरी सांगा."

"काय सांगू, सर?"

"काही पण. फक्त लांबचं सांगा. इथलं काही काढलंत तर कोणाला ना कोणाला लागतं."

मी फार आज्ञाधारक होते. त्यांनी लांबचं सांगा म्हटलं, मी माझ्याकडे होतं त्यातलं सगळ्यात लांबचं काढलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा चीन, हान घराण्याचा पहिला सम्राट आणि त्याची सम्राज्ञी. आदल्या आठवड्यातच ते प्रकरण मी पाठ केलेलं होतं.

मांडव भरलेला होता. पहिल्या रांगेत आईसाहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ. मागे पालक, त्यांच्या मागे बाया. मी सुरुवात केली. हा सम्राट जन्माने राजा नव्हता, गावपातळीवरचा एक साधा अधिकारी होता. त्याच्या पडत्या काळात त्याची बायको दोन पोरांना घेऊन शेतात निंदणी करत होती. पुढे तो सम्राट झाला आणि मग त्याला एक धाकटी राणी आवडू लागली.

पहिल्या रांगेत कोणीतरी खाकरलं. मला वाटलं, धूळ असेल.

मी पुढे गेले. सम्राटाच्या मनात आलं की थोरल्या राणीचा मुलगा फारच मऊ आहे, तेव्हा गादी धाकटीच्या मुलाला द्यावी. थोरलीने एका हुशार मंत्र्याचा सल्ला घेतला. त्याने सांगितलं, डोंगरात चार पांढऱ्या दाढीचे विद्वान म्हातारे राहतात, सम्राटाने बोलावूनही ते कधी दरबारात आले नाहीत, त्यांना आपल्या मुलाच्या पाठीशी आणून बसव. तिने आणवलं. सम्राटाने मेजवानीत मुलामागे ते चौघं उभे पाहिले आणि गादीचा विचार सोडून दिला.

इथे मांडवात खसखस पिकली. मी मागे वळून पाहिलं. व्यासपीठावर सत्कारासाठी थोरला बसला होता आणि त्याच्या मागे खुर्च्यांवर शाळेला जमीन देणारे चार म्हातारे, पांढरे फेटे बांधून, ओळीने. ही मांडणी सचिव भावाने केली होती. त्याने चीनचा इतिहास वाचला असण्याची शक्यता नव्हती. युक्ती त्याला स्वतःलाच सुचलेली होती.

आता शहाणं माणूस इथे थांबलं असतं. पण मी पाठ केलेलं बोलत होते, आणि पाठ केलेलं माणूस मध्ये तोडू शकत नाही, तोडलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मी तशीच पुढे गेले. सम्राट मेला. सम्राज्ञीने धाकटीला कैद केलं, तिचे केस कापले, पायात बेड्या घातल्या आणि शिक्षा म्हणून तिला भात कांडायला लावलं.

मागच्या बाया खो खो हसल्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आगो, मंग आमाला कशापायी शिक्षा झालेली?" भाताची गिरणी येईपर्यंत त्या सगळ्या रोज तेच करत होत्या, बेड्या नव्हत्या एवढंच.

"मग," मी म्हटलं, "सम्राज्ञीने आपल्या माहेरच्या माणसांना एकेक राज्य वाटायला सुरुवात केली."

हसणं थांबलं. मांडवातल्या झाडून सगळ्या माना एकदम पहिल्या रांगेकडे वळल्या. मला भावांचे चेहरे दिसत होते. आईसाहेबांनी पदर तोंडावर घेतला होता. तेवढ्यात हेडमास्तरांची चिठ्ठी आली. तीत एकच शब्द होता, "आवरा". मी वेळेअभावी इथेच थांबते म्हणाले. वेळ भरपूर होता, पुढचे सत्कार तासभर चालले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी समोरचीही. सचिव भाऊ व्हरांड्यातून जाता जाता मोठ्याने म्हणाले, "शहापूरची माणसं घेतली की असं होतं. पाठवलेली असतात." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी शहापूरहून येते. दुसरं घर शहापूरला आहे. म्हणजे मी तिकडून पेरलेली होते. मी त्या नर्सबाईंना उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि ते इंजेक्शन घेताना, म्हणजे डोळे मिटून.

मग मेमो आला. कार्यक्रमात चीन या देशाविषयी जे वक्तव्य केलं त्यामागच्या हेतूचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. घरी दाखवला तर नवरा म्हणाला, "तुला आपले महाराज नव्हते का सापडले?"

"अहो, लांबचं सांगा म्हणाले होते."

"मग बोलायचं ना पृथ्वी कशी तयार झाली!"

लेकी बोले सुने लागे ही म्हण त्याला येत होती, मला एम.ए. करूनही वेळेवर आठवली नव्हती. मी चार पानी खुलासा लिहिला. घराण्याचा कालखंड लिहिला, संदर्भग्रंथ दिले आणि शेवटी नमूद केलं की सदर घराण्याचा आपल्या संस्थेशी कोणताही नातेसंबंध असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. हे वाक्य मी उपरोधाने लिहिलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाचं सगळंच गंभीर असतं.

चार-पाच दिवसांनी शिपाई निरोप घेऊन आला, आईसाहेबांनी दुपारी घरी बोलावलंय. स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माझ्याकडे फार आपुलकीने पाहिलं. जाणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

त्या अंगणात सूप घेऊन वाल निवडत बसल्या होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. बस म्हणाल्या. मी जोत्यावर बसले.

"खुलासा आयकला तुझा. हेडमास्तरांनी वाचून दावला. चार पानं लिवलंस, पन ती राणी जिती हाय का मेली तेच कळत नाय."

"मेली, आईसाहेब."

"ते मला पन म्हायती. दोन हजार वर्सं कोन जगतं? कशी मेली, पुढं काय झालं, ते सांग. त्या दिवशी चिठ्ठी आली नि तू गप झालीस. मी तिथंच इचारनार होते, पन बरं नाय दिसलं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या चिडलेल्या दिसत नव्हत्या. मालिकेचा भाग लाइट गेल्यामुळे चुकावा तशा दिसत होत्या.

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पन तो भावांना सांगायला. त्या भात कांडायच्याला तर मी पन हसले, पदर होता म्हनून दिसलं नाय. सांग आता."

मी सांगितलं. नोकरी जाणारच आहे तर निदान गोष्ट पुरी करून जावी, असा विचार केला. धाकटीच्या मुलाला मारायचा सम्राज्ञीचा बेत थोरल्याच्या, म्हणजे तिच्याच मुलाच्या, लक्षात आला. तो नवा सम्राट होता, कोवळा होता, आणि सावत्र भावावर त्याचा जीव होता. तो भावाला आपल्याच ताटात जेवू घालायचा, आपल्याच खोलीत झोपवायचा. एका पहाटे तो शिकारीला गेला, धाकटा झोपेतून उठला नाही म्हणून मागे राहिला. परत येईपर्यंत त्याला विष पाजलेलं होतं.

आईसाहेबांचा हात सुपात थांबला होता.

"आनि ती?"

"कोण?"

"ती. दुसरी."

मी ते फार सौम्य करून सांगायचा प्रयत्न केला, पण हातपाय तोडणं सौम्य करता येत नाही. डोळे काढले, मुकं केलं, शौचकूपात टाकलं आणि मग आपल्या मुलाला बोलावून दाखवलं, बघ ही कोण आहे.

त्यांनी सूप एकदा पाखडलं. मग म्हणाल्या, "मी काय कोनाचे हात तोडनार नव्हते. पन मनात तोडलेत, गो. रोज. भाकरी थापताना, लावनी करताना. वीस वर्सं." त्यांनी दोन खडे वेचून बाहेर टाकले. "पोरगं काय म्हनलं मंग?"

"तो आजारी पडला. म्हणाला, हे माणसाचं काम नाही, तुमचा मुलगा म्हणवून घेऊन मला राज्य करता येणार नाही. मग नुसता पीत राहिला आणि काही वर्षांत मेला."

"आईच्या आधी?"

"हो. मग तिने लहान पोरं गादीवर बसवली, आणि कारभार स्वतः केला. माहेरच्यांना राज्यं दिली. द्यायच्या आधी मंत्र्यांना विचारलं होतं तिने. एक जण नाही म्हणाला, त्याला मोठं पद देऊन घरी बसवला. बाकीचे हो म्हणाले."

"नि ती मेल्यावर?"

"हो म्हणणाऱ्यांनीच तिचं माहेर कापून काढलं. एकही ठेवला नाही."

"हो म्हनलेले, त्यांनीच?"

"त्यांनीच."

आईसाहेबांनी सूप खाली ठेवलं. समोरच्या रस्त्याने त्यांच्या भाच्याची, म्हणजे संस्थेची, जीप धुरळा उडवत गेली. तीत शाळेचं काही नव्हतं, सिमेंटच्या गोणी होत्या.

"आमच्या संस्थेत नाय कोन म्हनतं गो?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. खूप विचार केला. "कोणी नाही, आईसाहेब," मी म्हटलं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर त्या सरळगावच्या स्टँडवर उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी. मला म्हणाल्या, "चल, मला शहापुरात तिचं घर दाव." संस्थेची जीप का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "गाडी भाच्याकडं. आपन पोचायच्या आदी बातमी पोचंल." एसटीत त्या खिडकीशी बसल्या. किन्हवलीला म्हणाल्या, "तुज्या त्या राणीला येष्टी नव्हती. असती तर येवढं नसतं झालं." इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात हे मत मला आढळलेलं नाही, पण खोडूनही काढता आलेलं नाही.

नर्सबाईंचं घर बाजाराच्या मागे, पहिल्या मजल्यावर. मी पत्ता दोन दुकानांत विचारून काढला, म्हणजे मी पेरलेली नव्हते हेही परस्पर सिद्ध झालं. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दार त्यांनीच उघडलं. ड्युटीवर निघायच्या तयारीत होत्या, पांढरी साडी. आईसाहेबांना पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, कोण गेलं?"

कोणी मेल्याशिवाय आईसाहेब या दारात येतील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"कोन नाय गेलं. आत घेतीस का नाय?"

चहा झाला. नव्या कपबशा काढल्या होत्या, एका कपाला अजून कागद चिकटलेला होता. आईसाहेब भिंतीकडे बघत होत्या. तिथे संस्थापकांचा फोटो होता, हार घातलेला. आमच्या ऑफिसात जो आहे त्यात ते समोर बघतात, कोणावर तरी खटला भरणार असल्यासारखे. यात ते हसत होते.

"हा कवाचा?"

"पन्नाशीचा असेल. मुलाच्या वाढदिवसाला काढलेला."

"आमच्याकडं हसतानाचा नाय एकबी," आईसाहेब म्हणाल्या.

मी चहा संपलेला असताना आणखी एकदा प्यायला.

मग आईसाहेबांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "तुज्या पोराला कमिटीवर घेते. हिशोब त्याने बघावा, त्याला येतो. पन अध्यक्ष तो नाय. माजा पोरगा पन नाय."

"मग कोण?"

"मी. मरंपरेंत."

चीनच्या राणीकडून काय काय शिकावं आणि काय टाकून द्यावं, हे आईसाहेबांनी मनात नीट ठरवलेलं होतं. विष नको, भाऊबंदकी नको, हातपाय तोडणं तर नकोच. खुर्ची मात्र राणीची बरोबर होती.

नर्सबाई जरा वेळाने म्हणाल्या, "ताई, मला खुर्चीबिर्ची काही नको. पुण्यतिथीची पत्रिका छापता ना, तीत माझ्या मुलाचं नाव टाका. चिरंजीव म्हणून."

रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी आली, थांबली, निघून गेली. "टाकीन," आईसाहेब म्हणाल्या. "खाली."

"खाली चालेल."

"तुजं नाय टाकनार."

"माझं नकोच. माझी ड्युटी असते."

जिना उतरताना आईसाहेब मला म्हणाल्या, "दोगं पोरं येकत्र मॅची खेळायला जातात, तुला म्हायती?" मला माहीत नव्हतं. त्यांनाही महिन्यापूर्वीच कळलं होतं. गेली सहा-सात वर्षं थोरला पंच आणि धाकटा गुणलेखक म्हणून वासिंदपासून टोकावड्यापर्यंत सगळ्या स्पर्धांना एका मोटरसायकलवरून जात होते. त्यांच्यासाठी चाललेल्या लढाईची बातमी त्यांना मधूनमधून लोकांकडून कळायची.

मार्चमध्ये सर्वसाधारण सभा झाली. आईसाहेबांनी दोन्ही भावांना कमिटीतून काढलं, धाकट्याला घेतलं, सचिव म्हणून थोरल्याचं नाव सुचवलं, जीप शाळेच्या कामाला लावली. प्रत्येक ठरावाला टाळ्या पडल्या. भावांनीही पहिल्या दोन ठरावांना वाजवल्या, सवयीने. मग आईसाहेब म्हणाल्या, "कोनाला नाय म्हनायचंय?" कोणी बोललं नाही. "येकाने तरी म्हना रे!" तेव्हा हेडमास्तर उठून म्हणाले, आईसाहेबांची इच्छा असेल तर आम्ही नाही म्हणू. शेवटी थोरला उभा राहिला आणि म्हणाला, "आये, मला सचिव करू नको. रविवारी सभा लावशील तू." त्या सभेत कोणी नाही म्हटलं असेल तर एवढ्या एकाने. त्याला सचिव केलं, सभा शनिवारी ठेवल्या.

भाऊ गप्प बसले नाहीत. त्यांनी ठाण्याला अर्ज केले, बहीण दुसऱ्या घराच्या नादी लागली असं गावभर सांगितलं, आणि भाऊबीजेला आले नाहीत. आईसाहेब त्या दिवशी दुपारपर्यंत ओवाळणीचं ताट झाकून बसल्या होत्या. मी तिथे होते, मला उगीचच बोलावलं होतं. दोन वाजता त्यांनी ताटातला लाडू मला दिला. त्याच्यावर कुंकू सांडलेलं होतं. खाल्ला.

त्याच वर्षी माझी एम.ए.ची परीक्षा झाली. सम्राज्ञीवर मी बावीस पानं काढून ठेवली होती. चीनवर एकच प्रश्न आला, तो रेशमाच्या व्यापारावर. मला दुसरा वर्ग मिळाला.

आणि मी कायम झाले. ऑर्डर हातात देताना आईसाहेब काही कौतुकाचं बोलतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "शहापुरात आपलं येक मानूस असलेलं बरं." ज्या संशयावरून माझी नोकरी जाणार होती, तेच काम मला आता पक्क्या पगारावर मिळालं. सोमवारी सकाळी मी त्यांना शहापूरची बातमी द्यायची. तिकडे काय चाललंय, पोरगा कुठे जातो, तिची तब्येत कशी. शनिवारी संध्याकाळी बाजारात नर्सबाई भेटायच्या आणि तेच प्रश्न उलट्या बाजूने विचारायच्या. मी दोन्ही दरबारांत खरं तेवढंच सांगत असे, आणि खरं फार कंटाळवाणं होतं. आईसाहेबांना रक्तदाब आहे, नर्सबाईंची गुडघेदुखी. महिनाभरात त्या माझ्या हाती एकमेकींना औषधं पाठवू लागल्या, वर एकमेकींच्या औषधांना नावंही ठेवू लागल्या.

एकदा नर्सबाईंनी विचारलं, "ताईंना तू म्हणे चीनच्या कुठल्या राणीची गोष्ट सांगितलीस. त्यात दुसरी पण होती ना? तिचं काय झालं?"

मी इतिहासाची शिक्षिका. खोटं सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही. "तिला घरकामाला लावलं," मी म्हटलं.

"एवढंच?"

"पुस्तक फाटलेलं होतं."

आईसाहेब आणखी सहा वर्षं अध्यक्ष होत्या. गेल्या त्याही अध्यक्ष असतानाच, बोलल्याप्रमाणे. शेवटच्या वर्षी त्यांना चालता येत नव्हतं, सभा त्यांच्या अंगणात व्हायच्या आणि ठराव खाटेवर सहीला यायचे. प्रत्येक ठराव त्या दोनदा वाचून घ्यायच्या. त्या गेल्यावर कोण, यावर तालुक्यात पैजा लागल्या. भाऊ तेराव्याच्या आधीच चार माणसं घेऊन आले. दोघा मुलांनी मात्र ती गोष्ट मैदानावर नाणं उडवून मिटवली, असं म्हणतात. हरला त्याने अध्यक्ष व्हायचं. धाकटा हरला.

त्याने काम चांगलं केलं, हे मला कबूल करायला हवं, जरी चांगलं चाललेल्या गोष्टीवर लिहिण्यासारखं काही नसतं. कॉम्प्युटर आणले, मुलींसाठी संडास बांधले, भूगोलाच्या सरांना रजेवरून परत आणलं. पहिल्या स्नेहसंमेलनाला त्याने आईला बोलावलं. नर्सबाई ड्युटी बदलून आल्या. स्वयंसेवकांनी त्यांना पाहुण्यांच्या रांगेत बसवलं. ओळख करून देताना हेडमास्तरांनी त्यांना 'अध्यक्षांच्या मातोश्री' म्हटलं आणि घाम पुसला. पुढे काहीही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पोरांचा कोळीनाच सुरू झाला.

त्यांना साडेचारची एसटी गाठायची होती, म्हणून मी सोडायला निघाले. जाता जाता त्या व्हरांड्यातून थांबत थांबत चालल्या. वर्गांत डोकावल्या, फळ्यावरचं वाचलं, नळाखाली हात धरून पाणी येतं का पाहिलं. मागच्या बाजूला, जिथे पूर्वी पत्र्याच्या दोन खोल्या होत्या तिथे आता सायकली लावतात. तिथेही जाऊन उभ्या राहिल्या.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काही नाही गं. मी पहिल्यांदाच बघतेय."

"काय पहिल्यांदा?"

"शाळा. मी कधी आलेच नव्हते इथे. त्यांनी कधी आणलं नाही, मग ताई होत्या." त्यांनी इमारतीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरीच मोठी आहे की. मला वाटायचं, दोन-तीन खोल्या असतील."

रस्त्यावर आलो तेव्हा गाडी वळणावर दिसत होती. त्यांनी पर्समधून रक्तदाबाच्या गोळ्यांचं एक पाकीट काढलं, हातात धरलं, आणि मग कोणाला द्यायचं ते न सुचून परत आत ठेवलं. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी हात केला आणि नववीच्या पोरांचा मेकअप पुसायला परत गेले.